साच्याबाहेर

कुरियरवाली हसली आणि तिचा डावा गाल जरा उशिरा हसला.

पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण त्याचं निम्मं आयुष्य असल्या उशिरांमध्ये गेलं होतं. वस्तू दाबायची, सोडायची आणि ती आपल्या आकारात परत यायला किती वेळ घेते ते बोटांनी ओळखायचं. लोखंड दबतच नाही, मेण दबतं ते परत येत नाही, रबर टुणकन येतं. आणि सिलिकॉन, त्यातलं मऊ, तेल घालून पातळ केलेलं सिलिकॉन, येतं पण विचार करून आल्यासारखं येतं. बाकीचा चेहरा हसून मोकळा झाल्यावर तो डावा गाल तसा आला. त्याने काउंटरवर ठेवलेल्या खोक्यावरचा हात उचललाच नाही. खोक्यात पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचे वायसर होते, त्याने घरी बसवलेल्या यंत्रावर काढलेले, आणि ते आज जायलाच हवे होते. पण कुरियरवालीला खोकं ओढून घ्यावं लागलं.

"काय हो, असं काय बघताय?"

"काही नाही. सुट्टीवर होतात ना? बरं नव्हतं का?"

"बरं नसायला काय झालंय! उलट आता बरी झालेय." तिने फोटो काढायला बसल्यासारखा चेहरा त्याच्यासमोर धरला. "ओळखा बघू, काय बदललंय?" मग तीच पुढे झुकून कुजबुजली, "अहो, तुमच्या घरचीच करामत आहे. तुमच्या मेहुणीने गाल भरून दिलेत. किती बसले होते, आठवतंय ना? लोक मला आजारी समजायचे. कुणाजवळ बोलू नका हं. औषध बाहेरून येतं म्हणे, फार महागाचं, पण माझ्याकडून त्यांनी बेताचंच घेतलं." मग तिने गालाच्या हाडाखाली बोट टेकवलं. "फक्त इथं जरासा खडा लागतोय. बसेल म्हणाल्यात."

"गरम लागतं का तिथं?"

"संध्याकाळी लागतं कधीकधी." तिचं बोट गालावरच थांबलं. "तुम्हाला कसं कळलं?"

तो पावती न घेताच बाहेर पडला. तिने मागून हाक मारली, बहुतेक पावतीसाठीच, पण त्याला वळून तो चेहरा पुन्हा बघायचा नव्हता. रस्ता नेहमीचाच होता. चपला शिवणारा, काचेमागे गाद्या मांडून ठेवलेलं दुकान, किल्ल्या बनवणारा. औषध बाहेरून येतं, तो स्वतःला सांगत होता. बाहेरून म्हणजे बाहेरून. ही औषधं असतात, डॉक्टर लोक वापरतात, धाकट्या मेहुणीने कुठला तरी कोर्स केला असेल, पार्लरवाल्यांचे असतात तसले कोर्स. त्याच्या मागच्या खोलीचा आणि कुरियरवालीच्या गालाचा काय संबंध? हे सगळं तो नीट, एकापुढे एक लावून सांगत होता, आणि पाय मात्र घराकडे भराभर चालले होते, दुधाचं भांडं गॅसवर ठेवून बाहेर पडलेल्या माणसाचे चालावेत तसे. गाद्यांच्या दुकानाशी त्याला कोर्स नाही, एक बाटली आठवली. चपटी, पारदर्शक, पाव लिटर मावेल एवढी. "केसांना लावायला द्या ना भाऊजी, तुमचं ते तेल. बाजारातल्या सीरममध्ये हेच असतं, मी वाचलंय." आणि ते खरं होतं. केसांच्या सीरममध्ये तसलं तेल असतंच. त्याने विचारलंसुद्धा नव्हतं, की एवढे केस कोणाचे?

कंपनीने मोल्डिंगचा विभाग बंद करून सगळी यंत्रं दुसऱ्या गावी हलवली, तेव्हा त्याला तिकडे येता का असं विचारलं होतं. तो नाही म्हणाला. बायकोची चष्म्याच्या दुकानातली नोकरी होती, घर होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या यंत्रांचे साचे करून तो विटला होता. त्याला पहिल्या खिळ्यापासून आपलं असं एक यंत्र हवं होतं. मागच्या खोलीतल्या सुटकेसा आणि मोडका पंखा त्याने माळ्यावर टाकले आणि कामाला लागला. खिडकीच्या फटी बुजवायला जी बंदूक मिळते तशा दोन बंदुका शेजारी शेजारी बांधून त्यांच्या दट्ट्यांना एकच दांडा दिला, म्हणजे मटेरियलचे, मिसळले की जमणारे दोन्ही भाग सारखेच ढकलले जावेत. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून हवा ओढणारा पंप केला. बायकोचं सगळ्यात मोठं पातेलं न विचारता उचललं, त्यावर जाड पारदर्शक झाकण बसवलं, आणि त्या पातेल्यात मटेरियल ठेवून हवा ओढली की ते दूध उतू यावं तसं फुगून वर यायचं, काठापर्यंत यायचं, आता सांडणार असं वाटता वाटता फुटायचं आणि एकदम खाली बसायचं, काचेसारखं स्वच्छ. तो क्षण त्याला इतका आवडायचा की गरज नसताना तो पंप पुन्हा लावायचा. अ‍ॅल्युमिनियमचे साचे त्याने स्वतः कोरले. पहिले कितीतरी वायसर चिकट निघाले, आतून ओलेच, आणि आपलं काय चुकतंय ते कळायला त्याला बरेच दिवस लागले. हातातले रबरी मोजे. त्या रबराचा नुसता वारा लागला तरी हे मटेरियल रुसायचं, जमायचंच नाही. त्याने मोजे फेकून दिले आणि पहिला वायसर साच्यातून सुटून तळहातावर पडला तेव्हा तो ओरडत स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी घासत होती. तिने ओल्या हाताने वायसर घेतला, उजेडाकडे धरला, म्हणाली, "चांगलाय. माझं पातेलं कधी परत मिळेल?"

त्यात तिची काही चूक नव्हती, हे त्याला तेव्हाही कळलं होतं. दिवसभर ती आरशांमध्ये उभी असायची. त्या दुकानात चारी बाजूंनी आरसे, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात आणखी एक, आणि प्रत्येक आरशात गिऱ्हाइकाच्या नव्या चष्म्यामागे हिचा चेहरा. घरी आल्यावर तिला काही बघायचं नसायचं. खोलीच्या दारातून ती कधी आत आली नाही, आणि तोही तिला बोलवेनासा झाला.

आत आली ती धाकटी. बायकोची धाकटी बहीण. तिचा नवरा सोडून गेला आणि पार्लर तेवढं राहिलं, असं ती स्वतःच हसून सांगायची. एका रविवारी बहिणीला भेटायला आली असताना ती पंपाचा आवाज ऐकून मागच्या खोलीत डोकावली आणि मग दर रविवारी डोकावू लागली. ती विचारायची. हे काय, ते काय, हे असं का, आणि उत्तर ऐकून घ्यायची, खुर्ची ओढून, हनुवटी तळहातावर टेकवून. आपल्याला एवढं बोलायचं होतं हे त्याला ती ऐकायला लागल्यावरच कळलं. कंपनीत इतकी वर्षं कोणी साच्याबद्दल विचारलं नव्हतं, फक्त साचा कधी होणार ते विचारायचे. तो रविवारी सकाळी दाढी करायला लागला. त्यात वावगं काही नव्हतं. पण चकाट्या पिटणारे दोघं बसतात तसे ते बसायचे, आणि बाहेर बायकोने चहाचे कप जरा आपटून ठेवले की तो उगीचच कान टवकारायचा. आता रस्त्यात, भर उन्हात, त्या रविवारचे आवाज त्याला सुटे सुटे ऐकू येऊ लागले. "हे अंगाला लागलं तर?" धाकटी विचारते. आणि तो, ताठ बसून, कंपनीच्या कुठल्याही साहेबाने बोलावं तसा बोलतो, "काही होत नाही. बाळाच्या बाटलीची बोंडं ह्याचीच करतात. शरीराला कळतसुद्धा नाही की काही परकं आहे." मग तिच्या हातात मोठी सिरिंज. "अशी धर. हळू ढकल. घाई केलीस की हवा शिरते. आणि थांबताना एकदम सोडायचं नाही, दाब जरा तसाच ठेवायचा." तिचा अंगठा दट्ट्यावर. सिरिंज रिकामी होते, एकही बुडबुडा नाही. "शाब्बास," तो म्हणतो. "हात चांगलाय तुझा."

त्याला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. किल्ल्या बनवणाऱ्याने विचारलं, "काय साहेब, चक्कर आली का?"

घरी कोणी नव्हतं. मागच्या खोलीत त्याने आधी पंपाकडे बघितलं, मग साच्यांकडे, मग नाइलाजाने फळीखालच्या तेलाच्या डब्याकडे. डबा उचलला तर हात वरपर्यंत आला, जड समजून उचललेली हलकी वस्तू येते तसा. आत तळाशी थोडंसं चमकत होतं. हे तेल जमत नाही, आटत नाही, वाळत नाही. मटेरियल मऊ करायला ते घालतात, पण ते त्यात मिसळून एकजीव होत नसतं, नुसतं कोंडलेलं असतं. मागे एकदा तेल जास्त पडलेला सगळा माल परत आला होता. डब्यात ठेवल्या ठेवल्या वायसरांना घाम फुटला होता. गिऱ्हाइकाने चिडून फोन केला होता, "अहो, तुमचा माल रडतोय." तेव्हा तो हसला होता.

पार्लर चपलांच्या दुकानावर होतं. जिना चढताना चामड्याचा आणि वर गेल्यावर केस वाळवायच्या यंत्राचा वास. धाकटी एका बाईच्या भुवया करत होती. त्याला दारात बघून तिने दोरा दातांतून सोडला नाही, डोळ्यांनीच 'बसा' म्हणाली. तो बसला नाही. बाई गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. "कुरियरवालीच्या गालात काय घातलंस?"

"हळू बोला."

"काय घातलंस?"

"तुम्हाला माहीत आहे." ती खाली पडलेले केस झाडायला लागली, मग झाडू टेकवून उभी राहिली. "असं बघू नका माझ्याकडे. कुणाला फसवलं नाही मी. आधी स्वतःला टोचून घेतलं, मग दुसऱ्यांना. सुई उकळून घेते. घाई करत नाही. हवा जाऊ देत नाही. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच करते."

"मी वायसरचं सांगत होतो!"

"तुम्ही शरीराचं म्हणालात. शरीराला कळतसुद्धा नाही, असं म्हणालात. मी विचारलं होतं, भाऊजी. दोनदा विचारलं होतं." तिचा आवाज चिडका नव्हता, तिला खरोखरच काय चुकलं ते समजून घ्यायचं होतं, आणि तेच त्याला सहन होईना. "त्या कुरियरवालीला तिचा साहेब मागच्या गोदामात बसवणार होता. तोंड बघून गिऱ्हाईक पळतं म्हणे. डॉक्टरकडे जाऊन करायचं तर तिचा वर्षाचा पगार जाईल. माझ्याकडे येऊन रडली. मी काय करायला हवं होतं? बघा ना, माझं किती छान बसलंय. हात लावून बघा. तुम्हाला कळतं."

तिने त्याचा हात धरून आपल्या गालावर ठेवला. इतक्या रविवारांत त्याने तिला कधी स्पर्श केला नव्हता. कातडी मऊ होती, जराशी घामट. त्याने अंगठ्याने हाडाखाली दाबलं, मग त्याच्याखाली, मग कानाच्या दिशेने. त्याचा अंगठा कामावर असल्यासारखा आपोआप चालत होता. गालात फारसं काही नव्हतं. पण जबड्याच्या कडेला, जिथे काही असायला नको होतं तिथे, डाळीच्या दाण्याएवढं कडक काहीतरी सरकलं. त्याच्याखाली आणखी एक. ते वरून खाली चाललं होतं. साच्यात ढकललेलं मटेरियल जिथे फट मिळेल तिथे शिरतं, केसाएवढी फट असली तरी शिरतं, म्हणून तर माणूस जन्मभर सांधे घासत बसतो. आणि वायसरच्या कडेला पापुद्रा आलाच, तर तो कात्रीने कापता येतो. इथे सांधा नव्हता. साचाच नव्हता. सगळ्या फटीच होत्या. त्याने हात मागे घेतला आणि पँटला पुसला, आणि तिने ते बघितलं.

"ताईला दिलंस?"

धाकटीने झाडू कोपऱ्यात उभा केला. तो घसरून पडला तेव्हा पुन्हा उचलून उभा केला. "ताईलाच विचारा ना," ती म्हणाली. "तिला तुम्ही कधी काही विचारलंय?"

बायको दुकानातून आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत, दिवा न लावता बसला होता. अजून उजेड होता तसा. तिने पर्स ठेवली, चपला काढल्या, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आज मशीन बंद का?" गळ्याभोवती तिने स्टोल गुंडाळला होता. गेले कितीतरी दिवस तो होताच. घसा धरलाय, दुकानातला एसी बाधतो, असं ती म्हणाली होती आणि त्याने बरं म्हटलं होतं. त्याने आता तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. बघायचं ठरवून बघितलं. त्याला काहीच ताडून बघता येईना. बदललाय का हे सांगायला आधी कसा होता ते आठवावं लागतं. वायसरचा पहिला नमुना त्याने कपाटात जपून ठेवला होता, पुढचा प्रत्येक माल त्याच्याशी पडताळायला. हा चेहरा इतकी वर्षं समोर होता आणि त्याच्याकडे नमुना नव्हता.

"काय झालं?" ती म्हणाली.

"स्टोल काढ."

ती सावकाश खुर्चीत बसली, त्याच्या समोरच्या नाही, बाजूच्या. "धाकटीचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही येऊन गेलात म्हणून. रडत होती."

"कधी केलंस?"

"झाले बरेच महिने." ती आपल्या नखांकडे बघत होती. "पहिले काही दिवस इतकं छान दिसत होतं. दुकानातल्या पोरी म्हणाल्या, तुम्ही कुठे फिरून आलात का? एक म्हातारं गिऱ्हाईक तर चष्मा बघायचं सोडून माझ्याकडेच बघत बसलं. मी घरी यायचे ते ह्याच खिडकीपाशी उभी राहायचे, उजेड तोंडावर येईल अशी. म्हटलं, आज बघतील. उद्या बघतील. तुम्ही यायचात आणि म्हणायचात, तो छोटा पाना बघितलास का कुठे."

"अगं..."

"नाही, तक्रार नाही करत. आपलं हसू येतं मला त्याचं." पण ती हसली नाही. "मला ठाऊक होतं ते तुमच्या खोलीतलं आहे. धाकटीने सांगितलं होतं. इतरांना सांगते बाहेरून येतं, मला खरं सांगितलं. मला वाटलं, तुमचंच आहे ना, मग चांगलंच असणार. तुम्ही एवढा जीव टाकता त्याच्यावर." आणि तिने स्टोल काढला.

गाल नीटच होते. पण जबड्याखाली, कानापासून गळ्यापर्यंत, कातडी लालसर ताणलेली होती, आणि तिच्याखाली एक ओबडधोबड ओळ, वितळून ओघळलेलं मेण गार व्हावं तशी. तो उठला. पुढे झाला. त्याचा हात हवेत थांबला, कारण दुपारी ज्या हाताने त्याने धाकटीचा गाल तपासला तोच हा हात, आणि त्याला हिला तपासायचं नव्हतं. पण दुसऱ्या कशा रीतीने हात लावायचा हे तो विसरून गेला होता. शेवटी तिनेच तो धरला आणि गळ्याशी नेला. तिथे तापलं होतं. "रात्री कणकण येते," ती म्हणाली. "एवढ्यात येते. आधी नव्हती येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोठ्या हॉस्पिटलात गेले. त्वचेची डॉक्टरीण तरुण होती, जरा वसकन बोलणारी, पण बायकोचा गळा तपासताना तिची बोटं हळू झाली. "काय टोचलंय? कोणी? कुठे?" बायको समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. बहिणीचं नाव ती घेणार नव्हती, हे तिच्या ओठांवरून दिसत होतं.

"सिलिकॉनचं तेल आहे," तो म्हणाला. "माझं आहे. मी घरी मोल्डिंग करतो, त्यातलं."

डॉक्टरणीने लिहायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं. "शुद्ध केलेलं होतं?"

"यंत्रासाठी शुद्ध होतं."

"किती गेलंय आत?"

"सांगता येत नाही." मग त्याने जे सांगता येत होतं ते सांगितलं. किती पातळ, कशात मिसळतं, कशात नाही, कशाने धुतलं जातं. तो बोलत गेला आणि बोलता बोलता त्याचाच आवाज त्याच्या कानांना ओळखीचा वाटला, रविवारचा आवाज, आणि तो मध्येच गप्प झाला.

"गाठी आहेत त्या कापून थोड्याफार काढता येतील," डॉक्टरीण म्हणाली, बायकोला, त्याला नाही. "आधी ताप उतरवू. आज इथंच राहा. पण जे आत पसरलंय ते..." तिने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. बायकोने मान हलवली, दुकानात गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर वाढलाय असं सांगतं तेव्हा हलवत असावी तशी, समजूतदारपणे. मग डॉक्टरीण त्याच्याकडे वळली. "हे मला पोलिसांना कळवावं लागेल. तुम्हाला कळतंय ना? आणि आणखी कुणाकुणाला टोचलंय? सगळ्यांना इथं पाठवा. आज."

बायकोला वॉर्डात नेल्यावर त्याने कॉरिडॉरमधून धाकटीला फोन केला. पोलिसांचंही सांगितलं. "ताई कशी आहे?" तिने विचारलं. मग, "बोलावते. सगळ्यांना मीच फोन करते. मीपण येते." एवढ्यात तिला रडू फुटलं आणि तिने फोन ठेवला. किती जणी आहेत हे त्याने विचारलं नव्हतं. चार-पाच असतील असं त्याने धरून ठेवलं होतं, का कोण जाणे. ओळखीतल्या, शेजारपाजारच्या, धाकटीजवळ रडायला येण्याइतपत जवळच्या.

कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक लांब बाक होतं. त्याच्या एका टोकाला तो बसला. सगळ्यात आधी कुरियरवाली आली, कामावरचे कपडे घालूनच, आणि त्याला बघून थबकली. त्याने उठून तिला सगळं सांगितलं. गालावर हात ठेवून ती बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि त्यानंतर तिने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. मग दोघी बहिणी आल्या, सारख्या दिसणाऱ्या. मग एक वयस्क बाई, काठी घेऊन, ओठ वाजवीपेक्षा भरलेले. मग शाळेत शिकवणारी असावी अशी एक, पिशवीत वह्या घेऊन आलेली, वाट बघायची तर वेळ कशाला घालवा म्हणून तपासायला बसली. त्यांना धाकटीने फक्त तपासणी आहे, घाबरू नका, एवढंच सांगितलेलं दिसत होतं. जिन्यावर पावलं वाजली की तो बघायचा. बायका येत होत्या. वर येऊन फलक वाचायच्या, खोलीचा नंबर बघायच्या, मग बाकाकडे. तो सरकला. आणखी कोणी आलं, तो आणखी सरकला. रविवारी त्याच्या खोलीतून एक चपटी बाटली जात होती, असं त्याला वाटत आलं होतं. आता तो डबा मनातल्या मनात ओतून बघत होता, ह्या गालात इतकं, त्या ओठात इतकं, आणि हिशेब लागत नव्हता, आणि पावलं थांबत नव्हती. एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत झाकलेले होते. बाकावर जागा उरली नाही तेव्हा तो उठून भिंतीशी उभा राहिला आणि त्याच्या जागी एक तरुण मुलगी बसली.

धाकटी अजून आली नव्हती. बहुतेक ती शेवटपर्यंत फोनच करत असावी.

डॉक्टरीण दार उघडून बाहेर आली, तिने बाकाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि पुन्हा आत गेली. तिला आत कुणाला तरी मोठ्याने काही सांगताना त्याने ऐकलं, आणखी माणसं पाठवा, असं काहीतरी. बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. काय झालंय, कुणाला काही माहीत आहे का, हे काय चाललंय. त्याला वाटलं, आता कोणीतरी सांगायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे दुसरं कोणी नाही.

"ऐका," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "जरा ऐका. तुम्हाला जे टोचलंय ना, ते बाहेरून आलेलं औषध नाही. ते माझं आहे. माझ्या घरचं आहे."

सगळ्या त्याच्याकडे वळल्या. शिक्षिकेने लाल पेनचं टोपण लावलं. काठीवाल्या बाईला ऐकू आलं नसावं, तिने शेजारणीला काय म्हणाले म्हणून विचारलं. आणि त्याच्या जागी बसलेल्या मुलीचा चेहरा एकदम उजळला. ती पुढे झुकली. आता त्याला तिचा चेहरा समोरून दिसला. उजवा गाल गोल, भरलेला होता, आणि डावा तिचा स्वतःचा होता.

"म्हणजे तुम्ही बनवता ते?" ती म्हणाली. "अय्या, बरं झालं भेटलात. काका, माझी एकच बाजू झालीय. दुसऱ्या बाजूला मिळेना म्हणून त्यांनी थांबवलंय, आणि लग्न अगदी तोंडावर आलंय हो."

"ते मिळणार नाही," तो म्हणाला. "आणि आत गेलंय तेही आता निघणार नाही."

पण ती त्याच्याकडे दुकानदाराकडे बघावं तशीच बघत होती, घासाघीस करायच्या तयारीत, आर्जवी.

"बरं," ती म्हणाली, "मग किती थांबावं लागेल?"